जांभ्याच्या जुन्या घराचं वायरिंग आणि नळकाम स्वतः करायचंय. कुठवर हात घालावा?

माजघर

लांजा तालुक्यात आमचं जुनं घर आहे. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, ओटी-माजघर-पडवी अशी नेहमीची मांडणी. गेल्या उन्हाळ्यात वासे-रिपा बदलून कौलं परत चढवली, त्यामुळे छपराची काळजी मिटली. आता वीज आणि पाणी.

विजेची अवस्था सांगतो. लाकडी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेल्या वायरी, काही कापडी वेष्टनाच्या, मधेच कुणीतरी जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या. काळे गोल स्विच. मीटरशेजारी चिनीमातीचे दोन किटकॅट फ्यूज. अर्थिंग म्हणावी अशी एकच तार सापडली, न्हाणीघरातल्या प्लगमागून निघून नळाच्या पाइपाला गुंडाळलेली. पाण्याचं म्हणाल तर विहिरीवर एक एचपीचा पंप, परसात चौथऱ्यावर टाकी, तिथून घरात जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप. एक तुकडा कापून पाहिला तर आतून गंज इतका चढलाय की पेन्सिलही मुश्किलीने जावी.

मी कारखान्यात देखभाल विभागात आहे. मल्टीमीटर, पक्कड, ग्राइंडर रोजच्या हातातले. घराच्या वायरिंगचा मात्र अनुभव नाही. गावचा वायरमन भला माणूस आहे, पण आजूबाजूची सगळी गावं त्याच्याच गळ्यात. तो संध्याकाळी तासभर येतो आणि मग आठवडाभर दिसत नाही. म्हणून विचार असा की मी आणि धाकटा भाऊ मे महिन्यात रजा टाकून बसावं. जुनं काढायचं, नवं वायरिंग, डीबी (सगळी सर्किटं निघतात ती मुख्य पेटी), आणि जीआयच्या जागी सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप. हे कायद्यात बसतं का? जांभ्यात झिरी मारून वायरी आत घ्याव्यात की वरून पट्टी? आणि आधी नळ की आधी वीज?

चिमणी

आधी दोन्हीचा मेन बंद. बाकी जाणकार सांगतीलच. खुर्ची टाकून बसले आहे.

कुडाळकर

आमच्याकडे वायरमनाक बोलयलास तर तो 'गणपती झाले काय येतंय' म्हणता. खयचे गणपती ता सांगना नाय.

फेज-न्यूट्रल

सरकारी खात्यात वीज पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त. तुमच्या प्रश्नांआधी एका वेगळ्या गोष्टीबद्दल लिहितो, कारण तुम्ही ती एका वाक्यात सांगून पुढे गेलात. नळाला गुंडाळलेली ती तार.

जुन्या घरांत ही पद्धत सर्रास होती. लोखंडी पाइप जमिनीतून लांबवर गेलेला असायचा, म्हणून तो कसाबसा अर्थिंगचं काम करायचा. आता तुम्ही मधला मीटरभर पाइप जरी कापून तिथे सीपीव्हीसी घातला, तरी जमिनीशी असलेला संबंध तुटला. न्हाणीघरातला उरलेला जीआयचा तुकडा आणि पितळी नळ अधांतरी राहिले, पण प्लगची अर्थ पिन अजून त्यांनाच जोडलेली. उद्या गीझरची कॉइल फुटली की तीच तार करंट उचलून नळावर आणून सोडेल. आंघोळीला बसलेला माणूस ओल्या हाताने नळ फिरवणार. नळ बदलताना विजेला हातही न लावता माणूस मरू शकतो तो असा, आणि नळ बदलणाऱ्या प्लंबरला याचा पत्ताही नसतो.

म्हणून क्रम: पहिलं काम नवीन अर्थिंग. ते होऊन मोजून झाल्यावर न्हाणीघरातली ती तार पाइपावरून सोडवा. त्यानंतर पाइप कापा.

दुसरं, ते दोन किटकॅट. त्यातला एक बहुधा न्यूट्रलवर आहे. जुन्या काळी दोन्ही तारांवर फ्यूज देत. न्यूट्रलचा उडाला की घरात अंधार होतो, माणसाला वाटतं वीज गेली, पण होल्डरपर्यंत फेज जिवंतच असतो. जुनं काढताना 'दिवा लागत नाही म्हणजे करंट नाही' असं कधीही धरू नका. मल्टीमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही तपासा, आणि तपासण्याआधी तो मीटर चालू पॉइंटवर लावून चालतोय ना ते पाहा. कारखान्यातली सवय घरीही ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत नियम ४५ होता. तोच आशय केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि आता २०२३ च्या सुरक्षा विनियमांत आला आहे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं, जोडणीची क्षमता आणि स्वरूप न बदलता बदलणं एवढं आपल्या हातात. त्यापुढचं काम परवानाधारक ठेकेदाराकडून, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली. पूर्ण घराचं वायरिंग उघडच दुसऱ्या प्रकारात येतं. लोड वाढवून घ्यायचा असेल तर महावितरणला टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यावर त्याच ठेकेदाराची सही. आणि मीटरचं सील आणि मीटरच्या अलीकडची खांबावरून आलेली वायर ही आपली मालमत्ता नव्हे. तिला हात नाही.

गावठी इंजिनियर

काका, मान ठेवून म्हणतो, कोकणात निम्म्या घरांत लोकांनी स्वतःच वायरिंग केलंय आणि वर्षानुवर्षं चाललंय. माझंही मीच केलं. चांगली आयएसआय वायर घ्या, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवा, अर्थिंगला मीठ-कोळसा घालून खड्डा करा, झालं. शॉर्ट झालं की एमसीबी उडतोच की.

फेज-न्यूट्रल

शॉर्ट झालं की उडतो. बॉडीला करंट आला की उडेलच असं नाही. आकडे मांडतो.

जांभा कोरडा दगड. देशावरच्या काळ्या मातीत अर्थिंग सहज चांगलं मिळतं, तुमच्याकडे खड्डा नीट करूनही वीस ओहम आले तर नवल नाही. आता वॉशिंग मशीनच्या पत्र्याला फेज चिकटला. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर करंट जमिनीत जाईल. तुमचा एमसीबी सोळाचा. तो शांत बसणार, मशीनचा पत्रा जिवंत राहणार, आणि वीजबिल तेवढं वाढणार.

इथे आरसीसीबी लागतो, ज्याला दुकानदार अजून ईएलसीबी म्हणतात. ३० मिलिअँपिअरचा घ्या. गेलेला आणि परतलेला करंट यांत तेवढा फरक पडला की तो पाडतो. पत्र्यावर जास्तीत जास्त ५० व्होल्ट चालतील अशी मर्यादा धरली तर ५० भागिले ०.०३, म्हणजे सोळाशे ओहमपर्यंतच्या अर्थिंगवरही तो काम करेल असा हिशोब निघतो. याचा अर्थ अर्थिंग वाईट ठेवा असा नाही. पण जांभ्याच्या पठारावर नुसत्या एमसीबीच्या भरवशावर राहणं मला पटत नाही. उलट बाजूही सांगतो: एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलात तर आरसीसीबीला त्यात काही गैर दिसत नाही. आणि ओव्हरलोडला तो उडत नाही, त्यासाठी एमसीबी हवाच.

'वर्षानुवर्षं चाललंय' याचा अर्थ इतकाच की अजून काही फुटलेलं नाही.

गावठी इंजिनियर

साडेअकरा अँपिअरचा हिशोब कधी केला नव्हता. आरसीसीबी आणतो. पण एक शंका. शेजाऱ्याने बसवला आणि तो सारखा उडायचा म्हणून वायरमननेच काढून टाकला.

फेज-न्यूट्रल

त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे का? दहातल्या बऱ्याच वेळा कारण तेच असतं. इन्व्हर्टरचे पॉइंट जोडताना फेज वेगळा घेतात आणि न्यूट्रल घरातल्या कुठल्याही न्यूट्रलला बांधतात. मग करंट जातो एका वाटेने आणि परततो दुसऱ्या वाटेने. आरसीसीबीला ती गळती वाटते. इन्व्हर्टरच्या पॉइंटांचा न्यूट्रल पहिल्यापासून वेगळा ओढावा लागतो. नवीन वायरिंग करतानाच ते फुकटात होतं, नंतर भिंती फोडाव्या लागतात. उरलेल्या वेळा पावसात भिजलेला बाहेरचा दिवा किंवा जुना गीझर खरोखरच गळत असतो, म्हणजे बिचारा आपलं काम करत असतो.

टेम्सकाठचा

इंग्लंडमध्ये घर घेतलं तेव्हा इथले नियम वाचले होते. २००५ पासून घरगुती विजेची कामं इमारतीच्या नियमावलीत, 'भाग पी' म्हणून आली. स्वतः काम करायला बंदी नाही. पण नवीन सर्किट ओढणं, मुख्य फ्यूजबोर्ड बदलणं, न्हाणीघरातल्या ठराविक अंतरातलं काम हे आधी नगरपालिकेला कळवावं लागतं आणि तपासून घ्यावं लागतं. नाहीतर नोंदणीकृत वीजतंत्री करतो आणि स्वतःच प्रमाणपत्र देतो. घर विकताना खरेदीदाराचा वकील ते कागद मागतो, त्यामुळे लोक पाळतात. इथल्या न्हाणीघरात साधा सॉकेट दिसत नाही, दिव्याचं बटणही बहुतेक छतावरून लोंबणारी दोरी.

जाता जाता, इथून उपकरणं नेणाऱ्यांसाठी: इथे तपकिरी म्हणजे फेज आणि निळा म्हणजे न्यूट्रल. भारतात थ्री-फेजमध्ये लाल-पिवळा-निळा हे तिन्ही फेज आणि काळा न्यूट्रल. निळी वायर दिसली म्हणून गृहीत धरू नये.

पागोळी

मी डोंबिवलीतल्या जुन्या फ्लॅटचं काम उभं राहून करून घेतलंय, स्वतः नाही केलं. पण नळाच्या बाबतीत दोन गोष्टी आग्रहाने सांगते.

टाइल लावण्याआधी प्रेशर टेस्ट. सगळ्या तोंडांना प्लग लावायचे, हातपंपाने लाइनीत दाब चढवायचा आणि काटा खाली येतो का ते बघत बसायचं. आमचा मिस्त्री म्हणे, 'ताई, टाकीचं पाणी सोडून बघितलं, कुठे गळत नाही.' अहो, गच्चीवरची टाकी दहा मीटर वर असेल तर चौरस सेंटीमीटरला जेमतेम एक किलोचा दाब येतो. त्याला न गळणारा जोड उद्या प्रेशर पंप लावल्यावर गळेल. आमच्याकडे रात्रभर ठेवल्यावर काटा उतरला आणि डायव्हर्टरच्या (नळ-शॉवर बदलायच्या कॉकच्या) मागचा एक जोड सापडला. टाइलनंतर सापडला असता तर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून सापडला असता.

दुसरं म्हणजे फोटो. भिंत बंद करण्याआधी प्रत्येक भिंतीचा, मोजपट्टी धरून. आरसा लावायला भोक पाडताना हे फोटो काढून बसतो आम्ही.

सोसायटीत राहणाऱ्यांनी हेही धरून चाला की आपल्या न्हाणीघरातून खाली गेलेली गळती उपविधींप्रमाणे आपल्याच खर्चात असते. त्यामुळे वॉटरप्रूफिंगवर हात आखडू नका. नहाणी ट्रॅपच्या (मोरीच्या जाळीखालच्या भांड्याच्या) कडेने पाणी उतरतं, स्लॅबच्या मधून क्वचितच.

पाटाचं पाणी

नळकामाबद्दल मी लिहितो, माझा पोटापाण्याचा धंदाच आहे.

माजघर, विजेच्या मानाने हे काम तुम्ही नक्की करू शकाल. चुकलं तर ओल येते, माणूस जात नाही. सीपीव्हीसी शिकायला सोपं. पाइप सरळ कापा, हॅक्सॉपेक्षा कटर बरा. कापलेल्या कडेचे कंगोरे खरवडून काढा. सोल्युशन दोन्हीकडे लावा, पाइप आत ढकलताना पाव फेरा द्या आणि मग अर्धा मिनिट दाबून धरा. इथेच नवशिके फसतात. जोड लगेच सोडला तर पाइप आपोआप थोडा मागे सरकतो, बाहेरून कळत नाही. सोल्युशन सीपीव्हीसीचंच घ्या, यूपीव्हीसीचा (थंड पाण्याच्या साध्या प्लास्टिक पाइपाचा) डबा स्वस्त पडतो म्हणून तो वापरू नका. आणि अर्धा इंच सीपीव्हीसी आणि अर्धा इंच यूपीव्हीसी यांचा बाहेरचा व्यास वेगळा असतो, एकमेकांच्या फिटिंगमध्ये बसत नाहीत. तालुक्याच्या दुकानातून परत फेऱ्या नको असतील तर यादी करताना हे लिहून घ्या.

नळ बसतो तिथे पितळी आट्यांचंच फिटिंग. प्लास्टिकच्या आट्यांत पितळी नळ पान्याने आवळला की त्या दिवशी काही होत नाही, दोन महिन्यांनी रात्री फुटतो. टेफलॉन टेप आट्यांच्याच दिशेने गुंडाळायची. जुने लोक सुतळी आणि सफेदा वापरत. जीआयवर ते उत्तम, सीपीव्हीसीजवळ नको.

तुमचा जीआय इतका का गंजला त्याचंही कारण आहे. जांभ्यातलं पाणी बऱ्याच ठिकाणी किंचित आम्लधर्मी आणि मऊ असतं, ते झिंक खातं. त्यामुळे परत जीआय घालण्यात अर्थ नाही. उन्हात उघडा राहणारा प्लास्टिक पाइप मात्र ठिसूळ होतो, परसातल्या भागाला रंगाचा हात मारा किंवा मातीखाली घ्या.

चौथरा किती उंच आहे? टाकीचा तळ नळापेक्षा तीन मीटर वर असेल तर दाब किलोच्या जेमतेम तीस टक्के. नळाला पुरेल, शॉवरला धार येणार नाही. अशा कमी दाबाच्या लाइनीत पाइप मधेच वर चढवून खाली आणू नका, हवा अडकते आणि टाकी भरलेली असूनही नळ कोरडा राहतो. टाकीतून निघतानाच वर उघडा एअर पाइप ठेवा. मुख्य लाइन पाऊण किंवा एक इंची, अर्धा इंच फक्त नळापाशी.

सांडपाण्याचा उतार मीटरला दोन-अडीच सेंटीमीटर. दोऱ्याने नको, पाण्याच्या लेव्हल ट्यूबने काढा.

माजघर

सगळ्यांचे आभार. नळाच्या तारेचं वाचून काल रात्रीच भावाला गावी फोन केला आणि न्हाणीघरातला प्लग बंद करून चिकटपट्टी मारायला सांगितली. चौथरा अडीच मीटर आहे, म्हणजे शॉवर विसरलेला बरा. बादली-तांब्याची सवय आहेच.

मला आता असं सुचतंय. लांज्यात परवाना असलेला एक ठेकेदार मिळाला. त्याला म्हटलं, अंगमेहनत आमची, जोडणी आणि तपासणी तुमची. तो आधी हसला, मग तयार झाला. त्याने सर्किटं आखून द्यायची, आम्ही जुनं काढून पट्टी, बॉक्स, वायरी ओढून ठेवायच्या, तो मधे एकदा येऊन बघणार आणि डीबी, अर्थिंग, शेवटचे जोड तोच करणार. टेस्ट रिपोर्ट त्याचा. फेज-न्यूट्रल, यात काही खोट दिसते का? आणि झिरीचा प्रश्न राहिलाच.

फेज-न्यूट्रल

खोट नाही. एकच मागणी करा, शेवटी मेगर लावायची. ५०० व्होल्टवर फेज-न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला इन्सुलेशनचा रोध मोजतात. एक मेगओहमच्या खाली आला तर कुठेतरी वायर सोलली गेली आहे. लावण्याआधी बल्ब, पंख्याचे रेग्युलेटर, टीव्ही सगळं सुटं करा, नाहीतर ते जळतील. पट्टीचं झाकण बसवताना वायर चेपणं ही हाताने काम करणाऱ्यांची नेहमीची गोष्ट, आणि ती मल्टीमीटरला दिसत नाही.

झिरी मारू नका. जांभ्याचे चिरे मातीत नाहीतर चुन्यात बसवलेले असतात, कटर लावला की कड ढासळते. आडवी झिरी तर भार पेलणाऱ्या भिंतीत कुठल्याच घरात नको. शिवाय पावसाळ्यात जांभा पाणी पितो. चार महिने ओल्या भिंतीच्या पोटात वायर कशाला? वरून पीव्हीसी पट्टी, सरळ रेषेत, दाराच्या चौकटीला धरून नेली तर वाईट दिसत नाही आणि पुढच्या पिढीला उघडताही येते.

वायरींचं: दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर आणि त्यावर दहाचा एमसीबी, सोळा अँपिअरच्या प्लगला अडीच आणि त्यावर सोळाचा. दोन हजार वॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअरच घेतो, अडीच पुरते, चार घातली तर बिघडत नाही. एका दिव्याच्या सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत. एमसीबी उडतो म्हणून मोठा बसवायचा नाही. तो वायरीला वाचवायला असतो.

अर्थिंगचा खड्डा विहिरीच्या बाजूला किंवा माडाच्या आळ्याच्या जवळपास घ्या, तिथे ओल टिकते. मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरा. पाइप घेणार असाल तर ४० मिलिमीटरचा, अडीच मीटर लांब. आणि मोजणी मे महिन्यातच करा. जुलैत कुठलंही अर्थिंग झकास येतं.

गावठी इंजिनियर

अर्थिंग बघायला शंभरचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावतात ते चालेल का?

फेज-न्यूट्रल

मल्टीमीटर एका केसाएवढ्या संपर्कावरही २३० दाखवतो, त्यापेक्षा बल्ब बरा हे खरं. पण अर्थिंग खराब निघालं तर तेवढा वेळ घरातल्या अर्थ केलेल्या सगळ्या पत्र्यांवर करंट चढतो. घरात फ्रिजला हात लावणारं पोर असेल तर? ठेकेदाराकडे अर्थ टेस्टर असतो, तो मागा. आरसीसीबी बसला असेल तर बल्ब लावताच तो पडेल, त्यातून आरसीसीबी आणि अर्थची तार जागेवर आहेत एवढंच कळतं.

पागोळी

वाचनखूण साठवली. उंदरांचं काय पण? कौलारू घर, माळा आहे म्हणजे ते आलेच. माहेरी त्यांनी एका पावसाळ्यात सगळी पट्टी कुरतडली होती.

फेज-न्यूट्रल

माळ्यावरून जाणारा भाग लोखंडी कंड्युटमधून, म्हणजे नळीतून न्या आणि कंड्युटला अर्थ द्या. खाली भिंतीवर पट्टी चालेल. माळ्यावर जोड ठेवायचेच नाहीत, जोड खाली हाताला येतील अशा बॉक्समध्ये.

पाटाचं पाणी

आणि पंपाची केबल विसरलात सगळे. विहीर घरापासून किती लांब?

माजघर

साठेक मीटर. सध्या झाडांवरून टांगलेली आहे.

पाटाचं पाणी

खाली उतरवा. आर्मर्ड (वर पोलादी कवच असलेली) केबल, जमिनीत, वर विटा किंवा चिरे, म्हणजे उद्या आळं खणणाऱ्याची कुदळ आधी विटेला लागेल. दीड चौरस मिलिमीटरची घातलीत तर एक एचपीच्या सहा अँपिअरला आठ-नऊ व्होल्ट वाटेतच जातील, अडीचमध्ये पाच. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडत असेल, तर सुरू होताना पंप घुमतो तो त्यामुळेच. अडीचची घ्या, चारची परवडली तर चारची. पंपाला वेगळा आरसीसीबी द्या, म्हणजे विहिरीवर पाणी शिरलं तरी घरातले दिवे जाणार नाहीत.